नऊ टक्के

धूळ पुसायला म्हणून बाईंनी ते हातात घेतलं आणि अंगठा लागून ते जागं झालं. नवऱ्याचं वाचायचं यंत्र. लेकीनं पाठवलेलं, पाटीपेक्षा लहान आणि रिकाम्या बशीइतकं हलकं. पडद्यावर पान जवळजवळ कोरंच होतं. मधोमध जाड अक्षरांत एकच शब्द: उतार. आणि खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, वाचून झालेलं: नऊ टक्के. बाईंनी त्यावर फडकं फिरवलं, ते जागच्या जागी ठेवलं, खिडकीची कड पुसायला घेतली, आणि मग त्यांचा हात थांबला. मागच्या रविवारी पुसलं तेव्हाही नऊच होते. त्याच्या आधीच्या रविवारीही असावेत, कारण तो एकटा शब्द डोळ्यांना ओळखीचा वाटला होता. आणि काल जेवताना हे म्हणाले होते, "कादंबरी आता काय रंगात आलीये म्हणून सांगू!" बाईंनी उत्साहानं विचारलं होतं, कुठवर आलात, थोरल्या नावाड्याचं लग्न झालं का? कादंबरी त्यांनी स्वतः कधीच वाचून संपवली होती, नावाड्याच्या तीन पिढ्यांची, आणि नवऱ्यानं ती वाचावी म्हणून त्यांनीच लेकीकडे हट्ट धरला होता. "झालं की," हे म्हणाले होते आणि पाण्याचा पेला उचलला होता. लग्न अर्ध्या कादंबरीनंतर होतं. तेव्हा ही गोष्ट बाईंच्या लक्षात आली नव्हती. आता फडकं हातात धरून त्या उभ्या होत्या. एखाद्या नवऱ्याच्या खिशात परक्या बाईचा रुमाल सापडावा तसं त्यांना झालं. त्यांना हसूही आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोलला, आणि बोलला तेही कशाबद्दल, तर वाचनाबद्दल.

आत आंघोळ चालली होती. पाणी थांबून थांबून पडत होतं, कारण उजवा हात अजून तांब्याला पुरता दाद देत नव्हता. मागच्या वर्षी तो झटका आला तेव्हा वाचा गेली होती, ती महिन्या-दोन महिन्यांत परतली, पाय परतला, हातही बराचसा. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी यायची, ती चित्रं दाखवायची आणि हे छत्रीला छत्री म्हणायचे, आणि बाई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकताना पदराचं टोक पिळत राहायच्या. त्या मुलीनं एकदा विचारलं होतं, वाचता येतंय ना काका? "वाचतो की," हे म्हणाले, आणि समोरचं वर्तमानपत्र उचलून त्यांनी सकाळची मुख्य बातमी घडाघडा सांगितली. सकाळी टीव्हीवर तीच बातमी लागली होती, हे बाईंना आता, या क्षणी आठवलं. त्या खिडकीपाशीच खुर्चीवर बसल्या.

दोघांचं जमलं ते पुस्तकांवरून. हे सर्वेक्षणाच्या कचेरीत नकाशे काढायचे. सगळी वसाहत त्यांना नकाशेवाले म्हणायची, आणि बाईही लाडात आल्या की तेच म्हणायच्या. दिवसभर डोंगरांच्या उंचीच्या रेषा ओढून घरी आलेला हा माणूस चहा झाला की बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत जाड पुस्तक घेऊन बसायचा, आणि शेजारच्या खुर्चीत बाई, पेपर तपासून झाले की. दोघं बोलत नसत. एखाद्याला हसू आलं तर दुसऱ्यानं विचारायचं नाही, असा न बोलता ठरलेला नियम. नकाशेवाले जिथं हसत तिथं समासात पेन्सिलीनं एक ठिपका देत, इतका बारीक की नकाशातलं गावसुद्धा त्यापुढं ढोबळ वाटावं. पुढं ते पुस्तक बाईंच्या हातात यायचं तेव्हा त्या ठिपक्यापाशी येऊन थबकायच्या आणि शोधायच्या, की यात एवढं हसण्यासारखं काय आहे? पुष्कळदा काहीच सापडायचं नाही. तरीही बरं वाटायचं. झटक्यानंतर जाड पुस्तक त्या हातात राहीना. पोटावर टेकवलं तर निसटून पडायचं, पान उलटताना एकाऐवजी चार उलटायची. एकदा खाली पडलेल्या पुस्तकाकडे हे नुसतेच बघत राहिले, वाकून उचललंही नाही. लेकीनं फोनवर ऐकलं आणि हे यंत्र धाडून दिलं. "आई, एका बोटानं चालतं. बाबांना काही पेलायला नको." बाई तेव्हा लेकीवर उगीचच डाफरल्या होत्या, की काचेला कसला आलाय वास, काचेवर ठिपका कुठं देणार तुझा बाप? पण ह्यांनी निमूटपणे ते घेतलं, बाल्कनीत बसले, बोटानं पानं सरकवू लागले, आणि बाईंना, खरं सांगायचं तर, थोडं सवत आल्यासारखं झालं.

हे आंघोळ करून बाहेर आले. केस ओले, शर्टाचं वरचं बटण भलत्याच काजात. बाईंनी उठून ते नीट लावलं. विचारावं असं ओठांपर्यंत आलं. "काय गं?" हे म्हणाले. "काही नाही," बाई म्हणाल्या, "केस नीट पुसा."

बाईंच्या शाळेत या वर्षापासून सातवीला पुस्तकंच नव्हती. प्रत्येक बाकावर एकेक टॅब्लेट. दप्तरं इतकी हलकी झाली की मुलं ती एका बोटावर फिरवत यायची. बाईंनी शिक्षकांच्या खोलीत जूनमध्येच एक छोटं भाषण ठोकलं होतं, की पाठ्यपुस्तकाला मिशा काढल्याशिवाय ते आपलंसं होत नाही, आणि सगळे हसले होते, आणि मोठ्या बाईंनीही, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हसून सांगितलं होतं, "तुम्ही फार गोड बोलता, पण पालक खूश आहेत." पहिल्या तासाला बाई सवयीनं म्हणाल्या होत्या, पुस्तकं उघडा, आणि काहीच ऐकू आलं नव्हतं. पूर्वी त्या दोन शब्दांनंतर वर्गात खसफस व्हायची, कोंबड्यांनी अंग झाडल्यासारखी, आणि त्या खसफशीतच बाईंना कळायचं की आज वर्ग कसा आहे: कंटाळलेला, भांडून आलेला, की परीक्षेला घाबरलेला. आता सगळीकडे नुसती शांतता आणि खाली झुकलेली, निळसर उजळलेली तोंडं. बाईंच्या टेबलावरच्या पडद्यावर मात्र सगळ्या मुलांची नावं ओळीनं यायची आणि प्रत्येकापुढं एक ठिपका. वाचून पुढं गेला तो हिरवा. रेंगाळला तो लाल. नकाशेवाल्यांचा ठिपका आणि हा ठिपका, दोन्हींना एकच शब्द कसा काय, असं बाईंना वाटायचं.

सोमवारी त्या पडद्यावर नेहमीप्रमाणे एकच ठिपका लाल होता. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरची मुलगी. पोरं तिला गोगलगाय म्हणायची, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची, कारण तक्रार करण्याइतकं बोलणंही तिला नको असायचं. पाचवीपासून ती बाईंच्या वर्गात होती आणि पाचवीपासून तिनं मोठ्यानं एक ओळ वाचून दाखवली नव्हती. उभी राहायची, पुस्तक नाकापर्यंत न्यायची, आणि तिच्या हनुवटीला कंप सुटायचा; मग बाई म्हणायच्या, बस बाळ. हे बस बाळ म्हणणं दयेपोटी होतं की तास पुढं सरकावा म्हणून, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "अहो, ती मुलगी एकाच पानावर आठवडा-आठवडा असते. यंत्र काही कुणाचा दुस्वास करत नाही ना? या शुक्रवारी तिला मागे पडलेल्यांच्या वर्गात हलवू. तुमचा अभिप्राय तेवढा द्या." बाई हो म्हणाल्या. जिना उतरताना मात्र त्यांचे पाय जड झाले. एकाच पानावर आठवडा-आठवडा. बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला माणूस त्यांना दिसला, आणि त्याच्यापुढं एक लाल ठिपका.

पुढच्या तासाला वर्गाला निबंध लिहायला देऊन त्या गोगलगायीच्या शेजारी जाऊन बसल्या. बाक लहान, गुडघे वर आले. मुलगी आक्रसली आणि तिनं टॅब्लेटवर हात ठेवला. "बघू तरी," बाई हळूच म्हणाल्या. तिनं हात काढला. पडद्यावर पान नव्हतंच. दोनच शब्द होते, अख्ख्या पडद्यावर दोन, एकेक अक्षर बोराएवढं, आणि दोघांच्या मध्ये एवढी मोकळी जागा की तिथं तिसरा शब्द आरामात झोपला असता. "हे काय गं?"

"मी मोठं केलंय, बाई." तिनं दोन बोटं फाकवून दाखवली. "कुणाला नाही सांगितलं. चालतं का?"

"चालतं. पण का?"

पुढच्या बाकावर कुणाचीतरी पट्टी पडली. मुलगी खाली बघून म्हणाली, "पुस्तकात ते खूप दाटीनं उभे असतात. एकाकडं बघायला गेलं की बाकीचे ढकलाढकली करतात. मग पहिल्याचं काय झालं तेच कळत नाही. इथं मी दोघादोघांनाच आत घेते."

"आणि पान पुढं जात नाही ते?"

"पान जातं बाई, माझं माझं. यंत्राला वाटतं नाही जात."

मग, बाईंनी न सांगता, तिनं त्या दोन शब्दांवर बोट ठेवून ते वाचले. कुजबुजत. बोट सरकवलं, पुढचे दोन. पुन्हा दोन. एका गाढवाची साधी गोष्ट होती, बाईंनी कितीतरी वर्गांना शिकवून चोथा झालेली. पण अशी दोन-दोन शब्दांनी ती समोर येऊ लागली तेव्हा बाईंना पुढचं काय ते खरोखर आठवेना, आणि त्या कान देऊन बसल्या. वाक्य पुरं झालं. मुलीनं वर पाहिलं. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. बाईंना काहीतरी छान बोलायचं होतं, एरवी भाषणं ठोकणाऱ्या बाईंना; पण त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हाताखाली तिचा श्वास वरखाली होताना त्यांना जाणवला. इतकी वर्षं पुस्तकाची बाजू घेऊन आपण भांडतोय, आणि याच पुस्तकानं या पोरीला रोज गर्दीत चेंगरून काढलं, हे आपल्याला दिसू नये? आणि त्याच क्षणी, खाली घसरलेलं बोट विजेच्या बटणाला लागावं तसं, तो एकटा शब्द त्यांच्या डोक्यात लख्ख पेटला. उतार. प्रकरणाच्या नावाचं पान. मोठं अक्षर, आजूबाजूला मोकळी जागा, एकच शब्द. नऊ टक्क्यांपर्यंतच्या सगळ्या पानांत तेवढंच एक पान ह्यांना वाचता आलं असेल. म्हणून हे तिथं राहिले. महिनेच्या महिने, संध्याकाळच्या संध्याकाळी, त्या एका शब्दापाशी.

त्या दिवशी घरी येताना बाईंनी नेहमीचा रस्ता सोडून बागेला वळसा घातला. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. उलट चप्पल पायात घट्ट होतेय, आज पिशवीत वह्या जास्त आहेत, असलेच क्षुद्र विचार येत राहिले. घरी पोचल्या तेव्हा चहाचं आधण ठेवलेलं होतं, ते काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. बाल्कनीत दोन्ही खुर्च्या मांडलेल्या. हे मांडीवर यंत्र घेऊन बसले. बाईंनी आपलं पुस्तक उघडलं नाही.

"तुम्हाला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. असं बोलायचं ठरवलं नव्हतं. जरा गोडीनं सुरुवात करायची होती.

हे खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. एक टेम्पो उलटा मागे येत होता आणि कुणीतरी चालकाला हातवारे करत होतं. टेम्पो नीट लागेपर्यंत ह्यांनी तिकडंच पाहिलं. मग म्हणाले, "अक्षरं दिसतात. स्पष्ट दिसतात. क दिसतो, म दिसतो. शब्द होत नाही त्यांचा. दुकानाच्या पाट्या सगळ्या परक्या मुलखातल्या झाल्यात."

"केव्हापासून?"

"दवाखान्यातच कळलं. भिंतीवर काहीतरी लिहिलं होतं, रोज बघायचो."

"आणि मला सांगितलं नाहीत." बाईंचा आवाज चिरकला. "मी काय परकी होते? वर्षभर, अहो वर्षभर माझ्या शेजारी बसून तुम्ही नाटक केलंत. लग्न झालं म्हणालात थोरल्याचं! माझ्या वर्गातली पोरं बरी खोटं बोलतात तुमच्यापेक्षा."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" हे बाईंकडे वळले. "तू स्वतःचं वाचणं सोडलं असतंस. लाजेनं. मला वाचता येत नाही म्हणून तूही पुस्तकाला हात लावला नसतास, किंवा रोज मला वाचून दाखवत बसली असतीस, गळा बसेपर्यंत. ओळखत नाही का तुला? मला काय हवं होतं माहितीये? तू इथं बसायचीस आणि पान उलटायचीस. तो आवाज. कधी पटपट उलटायचीस, कधी कितीतरी वेळ नाही. मग मी म्हणायचो, आता हिला आवडलेलं काहीतरी आलंय. तेवढं कळत होतं मला. मीही वाचत असल्यासारखंच होतं गं ते."

चहा निवला. यंत्राच्या रूपानं सवत आली असं समजून त्या ज्याच्यावर वर्षभर कुढत होत्या, तो माणूस वर्षभर त्यांच्या कागदाचा आवाज वाचत होता. त्यांनी हात लांबवून ह्यांचा उजवा हात धरला. तो जरा गार होता, आणि त्यानं जरा उशिरानं उलट दाबलं.

मग त्यांनी घाई केली. शिक्षिकेचा स्वभाव. लगेच यंत्र घेऊन, बोटं फाकवून, अक्षरं मोठी केली. एवढी की पडद्यावर दोनच शब्द मावले. गोगलगायीबद्दल सांगितलं. "बघा, दोघादोघांनाच आत घ्यायचं. वाचा."

ह्यांनी पाहिलं. ओठ हलले. "न... दी..." मग थांबले, पुन्हा न वर गेले, आणि तिथून कुठंच जाता येईना. कपाळाची शीर फुगली. "मला बिगरीच्या वर्गात बसवतेस?" ते ओरडले, शब्द तोंडात अडखळले, आणि यंत्र त्यांनी खुर्चीखाली ढकलून दिलं. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. बाई बाल्कनीतच राहिल्या. बरोबरच होतं त्यांचं. अख्खा मुलूख कागदावर उतरवलेल्या माणसाला त्यांनी अंगणाच्या दारात उभं करून पाय उचल म्हटलं होतं.

तीन दिवस कुणी त्या विषयाला हात लावला नाही. शुक्रवारी सकाळी बाई मोठ्या बाईंकडे गेल्या आणि अभिप्राय तोंडीच दिला. मुलीला हलवायचं नाही. "ती वाचतेय. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त नीट वाचतेय, कारण एकही शब्द गाळत नाही. सावकाश वाचणं म्हणजे मागे पडणं असं यंत्राला वाटत असेल, आपल्याला वाटायचं काय कारण?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "तुम्हीच ना जूनमध्ये म्हणत होतात की ही यंत्रं नकोत?" "म्हणत होते," बाई म्हणाल्या. "अजूनही निम्म्या पोरांना पुस्तक द्या म्हणेन. पण तिचं यंत्र काढून घेतलंत तर मी उपोषणाला बसेन." मोठ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, सहामाहीपर्यंत बघू. सहामाहीपर्यंत तर सहामाहीपर्यंत. बाईंनी ती गोष्ट वर्गात कुणाला सांगितली नाही, फक्त खिडकीजवळून जाताना शेवटच्या बाकावर दोन बोटांनी हलकेच टकटक केली.

त्या संध्याकाळी त्यांनी नकाशेवाल्यांच्या कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं, सहज हाताला लागलं ते, आणि ठिपका असलेलं पान उघडून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. खालून स्वतःचा हात धरला, पडू नये म्हणून. "वाचायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "इथं का हसला होतात तेवढं सांगा. मला कधीच कळलं नाही."

हे पानाकडे बघत राहिले. डोकं थोडं मागे नेलं, नकाशा पाहताना नेत तसं. "डाव्या हाताचं पान," ते स्वतःशीच म्हणाले, "खालून वर... हां. इथं तो मामा खुर्चीवर बसतो ना, आणि खुर्ची नुकती रंगवलेली असते." बाईंनी वाचून पाहिलं. खरंच मामा होता, खरंच खुर्ची होती, त्याच जागी. "आणि समोरच्या पानावर, वरती, पत्र येतं." तेही होतं. शब्द गेले होते पण त्यांचा मुलूख शाबूत होता. कुठल्या कोपऱ्यात काय घडतं ते त्यांच्या डोळ्यांना पाठ होतं, जसं उतरणीच्या कुठल्या वळणाला विहीर आहे ते पाठ असतं. काचेवर असली कोपऱ्यांची ठिकाणं नव्हती, तिथं सगळं एकाच जागी येऊन निघून जात होतं. "पण यात हसण्यासारखं काय?" बाई चिडून म्हणाल्या. "अगं, तो रंग हिरवा होता!" हे म्हणाले, आणि इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही, आणि बाईंनी पुस्तक तसंच धरून ठेवलं, हात अवघडला तरी.

यानंतर कुणी काही ठरवलं नाही. बाईंनी ग्रंथालयातून नावाड्यांच्या कादंबरीची छापील प्रत आणून बाल्कनीतल्या स्टुलावर ठेवली, आणि शेजारी यंत्र, पुसून. त्या आपल्या पेपर तपासत बसल्या. पहिले काही दिवस दोन्ही तशीच पडून होती. एके दिवशी छापील प्रत उलटी झालेली दिसली. एके दिवशी यंत्रावर अक्षरं मोठी झालेली दिसली, बाईंनी केली होती त्याहूनही मोठी, पडद्यावर एकच शब्द. बाईंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. शाळेतून आल्यावर जिन्यात त्या मुद्दाम मोठ्यानं पाय वाजवायच्या, की वर कुणाला काही झाकायचं असलं तर झाकता यावं.

आणि मग ऑगस्टातली एक लख्ख दुपार. शाळा लवकर सुटली आणि बाई जिन्यात पाय वाजवायला विसरल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. बाल्कनीतून आवाज येत होता, तुटक, घासून घासून येणारा, मधे कितीतरी वेळ थांबणारा. नकाशेवाल्यांच्या मांडीवर छापील पुस्तक उघडं होतं. वाक्य पानावर कुठं आहे तिथं डाव्या हाताचं बोट होतं, आणि उजव्या हाताच्या बोटानं ते यंत्रावरचा एकेक शब्द ओढून आणत होते. कागदावर जागा बघायची, काचेवर शब्द सोडवायचा, पुन्हा कागदाकडे. असली वाचायची रीत बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. "नावा... ड्यानं," हे म्हणाले. बोट सरकलं. "दोर." पुन्हा बोट. बराच वेळ गेला. खालच्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. "सो... सोडला." आणि मग तिन्ही शब्द एका दमात, मान वर करून, समोरच्या इमारतीला सांगावं तसे: "नावाड्यानं दोर सोडला!"

बाईंच्या हातून पिशवी घसरली. हे दचकून वळले. त्यांचं तोंड घामानं डबडबलं होतं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. "ऐकलंस?" ते म्हणाले. "सोडला त्यानं. भर पुरात! आता काय होणार गं?"

बाईंना माहीत होतं. त्यांना पुढचं पान, त्याच्या पुढचं पान, थोरल्याचं आणि धाकट्याचं, सगळं माहीत होतं. त्या घाईघाईनं बाल्कनीच्या उंबऱ्यात आल्या, त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात ह्यांनी तो अडखळता उजवा हात वर केला, रहदारी अडवावी तसा.

"नको, नको. सांगू नकोस," हे म्हणाले, आणि पुन्हा पुस्तकावर वाकले.